आमदाराकडे काम नको, प्रश्न मागा

बाजारपेठेत कुठेही हा विषय काढा, उत्तर ठरलेलं असतं. आमदार-खासदारांना भेटून काही होत नाही. ऐकलं जातं ते मोठ्या उद्योगसमूहांचं. छोट्या दुकानदाराने, कारखानदाराने निवेदन द्यायचं, फोटो काढून घ्यायचा आणि ते रद्दीत गेलं असं समजून चालायचं. अगदीच डोक्यावरून पाणी गेलं तर बंद पुकारायचा. जाणकार मंडळी या मताला राज्यघटनेचाही आधार देतात: १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून सदस्य पक्षादेशाने बांधला गेला, मत त्याच्या हाती उरलेलं नाही, मग त्याला पटवून उपयोग काय?

हे मत अनुभवातून आलं आहे आणि मोठ्यांचं वजन मी नाकारत नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. बहुतेक निवेदनं वाया जातात ती छोट्या माणसाची असतात म्हणून नव्हे. कुणाकडे, कधी आणि नेमकं काय मागायचं हे न ठरवता ती दिलेली असतात म्हणून.

आधी बंदचं बघू. स्थानिक संस्था कराविरुद्ध २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याच्या बाजारपेठा दिवसेंदिवस बंद राहिल्या. रोजच्या विक्रीवर ज्यांचं घर चालतं त्यांनाच त्याची सर्वांत जास्त झळ बसली. कर मात्र तेव्हा हटला नाही. तो हटला १ ऑगस्ट २०१५ ला, तोही वार्षिक उलाढाल ५० कोटींच्या आत असलेल्या व्यापाऱ्यांपुरता. मधल्या काळात तो हटवणं हे २०१४ च्या निवडणुकीतलं आश्वासन झालं होतं आणि महापालिकांचं बुडणारं उत्पन्न कसं भरून द्यायचं याचा हिशेब राज्याला मांडावा लागला होता. बंदमुळे संताप दिसला, एवढं श्रेय त्याला देऊ. पण पैशाच्या पर्यायाचं उत्तर सापडलं ते शासनाच्या आणि विधिमंडळाच्या पातळीवरच.

आता पक्षादेशाचा मुद्दा. या आक्षेपाला सर्वांत चांगलं उत्तर पुण्याच्याच इतिहासात आहे. १९०२ पासून गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलत होते. त्या सभागृहात सरकारी बहुमत पक्कं होतं आणि अर्थसंकल्पावर सदस्यांना चर्चा करता येई, मतदान करता येत नसे. आजच्या आमदाराचे हात बांधलेले आहेत असं म्हणायचं, तर गोखल्यांना हातच नव्हते. त्यांनी काय केलं? सरकारचेच आकडे घेतले, वर्षामागून वर्ष शिल्लक पडते आहे हे दाखवलं आणि मग गरिबाच्या मिठावर मणामागे अडीच रुपये कर कशासाठी, असा सवाल केला. १९०३ मध्ये तो कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर, १९०७ मध्ये एक रुपयावर. हे एकट्या गोखल्यांमुळे घडलं असा दावा कुणी करू नये. पण मत नसेल तर सदस्य निरुपयोगी, हे म्हणणं या इतिहासापुढे टिकत नाही.

त्याही आधी, १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने सभासदत्वासाठी किमान ५० लोकांचं मुखत्यारपत्र आणण्याची अट घातली होती. मी कुणाच्या वतीने बोलतो आहे, हे आधी सिद्ध करा, असा त्याचा अर्थ. आजच्या किती व्यापारी संघटनांचे पदाधिकारी ही अट पुरी करतील?

शिवाय पक्षादेश लागतो तो मतदानाला. तारांकित प्रश्न विचारायला, लक्षवेधी सूचना द्यायला, समितीत मुद्दा मांडायला तो आड येत नाही. फरक इथेच आहे. निवेदनाला तारीख नसते. ते विभागाच्या टपालात पडून राहू शकतं. प्रश्न स्वीकारला गेला की त्याला उत्तराची तारीख मिळते. विभागाला फाईल काढावी लागते, मंत्र्याला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर कायमचं नोंदलं जातं. आपण मात्र आमदाराकडे जातो ते परवाना अडला म्हणून, दंड माफ करून द्या म्हणून. असं काम एकाचं होतं. नियम सगळ्यांना तसाच जाचत राहतो.

आणि मागणी नेमकी हवी. ‘लघुउद्योगांना न्याय द्या’ या वाक्यावर कुठलाही सदस्य काही करू शकत नाही. उशिरा मिळणाऱ्या पैशांचंच उदाहरण घ्या. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं असतं. २०२३ च्या वित्त अधिनियमाने त्याला प्राप्तिकराची जोड दिली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. माल बनवणाऱ्याला हे हवं होतं. पण त्याच्याकडून उधारीवर माल उचलणारा कापड दुकानदार अडचणीत आला. त्याचे स्वतःचे पैसे महिनोन्महिने बाजारात अडकलेले असतात. आणि २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती, मुदतीत पैसे मिळण्याच्या या संरक्षणासाठी नाही. दोघेही छोटेच, दोघांचं हित वेगळं. हे आपसात बोलून घेतल्याशिवाय खासदाराकडे गेलं, तर तो दोघांनाही होकार देईल आणि काहीच करणार नाही.

नेमकी अडचण मांडली की काय होतं ते २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत दिसलं. २३ मार्चला अधिसूचना निघाली, २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये. सुटा किराणा बांधून द्यायचा कशात, हा किराणा दुकानदारांचा प्रश्न सरकारपुढे गेला आणि काही दिवसांतच त्या वेष्टनापुरती अटींसह सवलत मिळाली. मधले तीन महिने हातात होते, तेव्हाच हा प्रश्न धसाला लावला असता तर दंडाची धास्ती टळली असती.

कुणाकडे जायचं हेही ठरलेलं आहे. दुकान कायदा आणि व्यवसाय कर राज्याचे, म्हणून आमदार. प्राप्तिकर केंद्राचा, म्हणून खासदार. जीएसटीचे दर परिषदेत ठरतात, पण तिथे एकूण मतभारापैकी दोन तृतीयांश राज्यांचा आहे आणि आपल्या राज्याचा मंत्री तिथे बसतो. त्याला सभागृहात विचारता येतं.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात नागपूरला भरतं आणि प्रश्नांच्या सूचना त्याच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. म्हणून दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधीच आपल्या पेठेतल्या ५० जणांच्या सह्या घ्या, एकच अडचण एका पानावर आकड्यांसह लिहा, कोणत्या नियमात कोणता बदल हवा ते शेवटच्या ओळीत नमूद करा आणि आमदाराला सांगा: आम्हाला यावर प्रश्न हवा आहे, आणि मंत्र्यांच्या उत्तराची प्रतही.