माती, मॅट आणि खाशाबा

बुलडाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, जत्रेतल्या दंगलीचा निकाल एकच: पाठ टेकली की कुस्ती संपली. ऑलिंपिकच्या मॅटवर मात्र घड्याळ असतं, पंच असतात, गुणांचा हिशेब असतो. खाशाबा जाधवांची कारकीर्द समजून घ्यायची तर हा फरक आधी नीट पाहायला हवा.

खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म 1926चा. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळे पहिला उस्ताद घरातच. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले, तेही मॅटची सवय नसताना. मातीत पंजा रुततो, रेटा द्यायला आधार मिळतो. मॅटवर बूट घालून तोच तोल नव्याने कमवावा लागतो.

1952ला हेलसिंकीत ते 57 किलो गटात, फ्रीस्टाईलमध्ये उतरले. याच वजनात ग्रीको-रोमनचं सुवर्ण हंगेरीच्या इम्रे होडोशने नेलं. पण त्या प्रकारात कमरेखाली हात घालायलाच बंदी, म्हणजे पाय धरून पाडायचा आपला पट डाव बाद. मातीतल्या पैलवानाला फ्रीस्टाईलच जवळची.

तेव्हाची गुणपद्धत उलटी होती: चितपट मारली तर शून्य दोषगुण, गुणांवर जिंकलं तर एक, हरलं तर तीन, पाच भरले की बाहेर. इथे दंगलीची सवय कामी आली. कॅनडाचा पोलिक्विन आणि मेक्सिकोचा बासुर्तो, दोघंही चितपट. खाशाबांचा हुकमी डाव ढाक: समोरच्याची मान काखेत आवळायची आणि त्याला सावरू न देता अंगावरून आपटायचं. जर्मनीच्या श्मिट्झला त्यांनी गुणांवर हरवलं.

पुढे जपानचा इशी आणि सोव्हिएत युनियनचा ममेदबेकोव्ह, या दोघांशी हार झाली आणि खाशाबांच्या वाट्याला कांस्य आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हक्काची होती; ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. माझ्या मते खाशाबा डावात कमी पडले नाहीत, त्यांच्या पाठीशी उभं राहणारं माणूस कमी पडलं.

ही उणीव तिकिटापासूनच होती. खाशाबांच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले, तेव्हा हेलसिंकी गाठता आलं. कांस्यपदक घेऊन परतल्यावर 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि खाशाबांनी पुढे कुस्त्यांचे फड भरवून ते पैसे फेडले.