डॉलरमागची रहस्ये : कादंबरीत किती, इतिहासात किती?



अमेरिकेच्या आर्थिक इतिहासातले एखादे गुपित हाती लागते आणि मग पाठलाग सुरू होतो, अशा थरारक कादंबऱ्या इथल्या ग्रंथालयांत भरपूर आहेत. हायस्कूलमधली आपली मुलेही त्या आवडीने वाचतात. त्यांत खरे काय आणि रचलेले काय, याची ही थोडक्यात माहिती.

हॅमिल्टनचा काळ : डेव्हिड लिस यांची 'द व्हिस्की रिबेल्स' (२००८) १७९२ च्या बाजारातील घबराटीभोवती फिरते. त्यातला विल्यम ड्युअर खराखुरा सट्टेबाज. अर्थमंत्री हॅमिल्टनचा हा एकेकाळचा सहायक कर्ज काढून रोखे घेत गेला, बुडाला आणि कर्जापायी तुरुंगात गेला. कादंबरीचा नायक मात्र काल्पनिक आहे.

वॉल स्ट्रीटवरचा स्फोट : १६ सप्टेंबर १९२० रोजी मॉर्गन बँकेसमोर घोडागाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. तीसहून अधिक माणसे दगावली. गुन्हा कोणावरही सिद्ध झाला नाही. हीच मोकळी जागा जेड रुबेनफेल्ड यांनी 'द डेथ इन्स्टिंक्ट' (२०१०) मध्ये कल्पनेने भरली. स्फोटाच्या खुणा त्या इमारतीच्या भिंतीवर आजही दिसतात. न्यूयॉर्कला गेलात तर मुलांना जरूर दाखवा.

जेकिल बेट : काही गुपिते खरीही असतात. नोव्हेंबर १९१० मध्ये सिनेटर ऑल्ड्रिच आणि काही बडे बँकर बदकांच्या शिकारीच्या नावाखाली जॉर्जियातील या बेटावर जमले. प्रवासात त्यांनी आडनावेसुद्धा टाळली. तिथे आखलेल्या योजनेतल्या बऱ्याच कल्पना १९१३ च्या फेडरल रिझर्व्ह कायद्यात उतरल्या. त्यांच्यापैकी फ्रँक व्हँडरलिप यांनी १९३५ मध्ये या बैठकीबद्दल स्वतःच लिहिले.

प्राप्तिकर : इथे मात्र सावध राहायला हवे. स्टीव्ह बेरी यांची 'द पेट्रियट थ्रेट' (२०१५) ही कादंबरी प्राप्तिकराला आधार देणारी १९१३ ची सोळावी घटनादुरुस्ती रीतसर मंजूर झाली होती का, या शंकेवर उभी आहे. काही राज्यांच्या ठरावांत शब्दांच्या आणि विरामचिन्हांच्या चुका होत्या, हे खरे. पण त्यामुळे दुरुस्ती रद्द ठरते, हा दावा न्यायालयांनी वेळोवेळी फेटाळला आहे. असल्या मुद्द्यावर विवरणपत्र भरले तर ५,००० डॉलर दंड होऊ शकतो, शिवाय कर आणि व्याज चुकत नाही. व्हिसा किंवा नागरिकत्वाचे कागद चालू असलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हा खेळ फारच महागात पडेल.

ओळखायचे कसे? शेवटचे पान आधी वाचू नये म्हणतात, पण शेवटची लेखकाची टीप चुकवू नये. बेरी यांच्यासारखे लेखक आपण कुठे कल्पना वापरली, ते तिथे सांगतात. मग तेवढा भाग मुलांसोबत एखाद्या इतिहासाच्या पुस्तकाशी ताडून पाहावा. पुस्तकाची गोडी त्याने कमी होत नाही, उलट वाढते.