तळटीप १७ : ‘भरून येतं, पण पडत नाही’

१७. कुर्डुवाडीच्या शेतकऱ्याची ही तक्रार सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या साऱ्या मुलखाची आहे. हवामानाची प्रारूपंही नेमकी इथेच अडतात. जागतिक प्रारूपं पृथ्वी चौकोनांत विभागून संगणकावर गणित करतात; अशा चौकोनाची बाजू बहुधा शंभरेक किलोमीटरची. कुर्डुवाडी आणि सोलापूर एकाच चौकोनात मावतात. मग कुर्डुवाडीजवळच्या माढ्यावरचा दोन-तीन किलोमीटर रुंदीचा ढग त्यात दिसणार कसा? त्याचा परिणाम सूत्रांनी अंदाजावा लागतो. आणि तो परिणाम लहान नाही : खालचे दाट ढग ऊन परतवतात, उंचावरचे विरळ ढग जमिनीची उष्णता अडवतात. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी २.५ ते ४ अंशांनी तापेल, या अंदाजातल्या अनिश्चिततेत सर्वांत मोठा वाटा ढगांचा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून ‘कायपिक्स’ प्रकल्पात विमानातून ढगांतले थेंब आणि हवेतले सूक्ष्म कण मोजले. २०१८-१९ मध्ये त्याचं केंद्र सोलापूर होतं. त्याला केवळ कृत्रिम पावसाचा प्रयोग समजणं अन्यायाचं आहे. थेंब किती आणि केवढे, यावर पाऊस जसा ठरतो तशी ढगाची ऊन परतवण्याची ताकदही ठरते, आणि प्रारूपांतली सूत्रं तपासायला असेच आकडे लागतात. – संपादक