महाडचा मनाई हुकूम : न ऐकलेली बाजू

चवदार तळ्याच्या दाव्याचा शेवट बहुतेकांना माहीत असतो : १७ मार्च १९३७, मुंबई उच्च न्यायालय, अपील फेटाळले. येथे तपासायचा आहे तो दाव्याचा पहिला पंधरवडा. ज्यांना मनाई झाली, त्यांना हुकमापूर्वी आपली बाजू मांडायची संधी होती का?

पहिला पुरावा तारखांचा. १९२७ चा दावा क्रमांक ४०५ महाडच्या दिवाणी न्यायालयात १२ डिसेंबरला दाखल झाला. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर आणि सीताराम नामदेव शिवतरकर हे प्रतिवादींत होते. तळे आपल्या मालकीचे असल्याचा वादी सवर्णांचा दावा होता. १४ डिसेंबरला न्यायाधीश वैद्य यांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला : पुढील हुकूम होईपर्यंत प्रतिवादींनी तळ्यावर जाऊ नये, पाणी घेऊ नये. दाखल झाल्यापासून हुकमापर्यंत दोन दिवस. एवढ्यात मुंबईला नोटीस पोहोचून, उत्तर तयार होऊन सुनावणी होणे जवळजवळ अशक्य. म्हणून हा हुकूम एकतर्फी होता, हे अनुमान भक्कम वाटते.

आता कायदा पाहू. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३९, नियम ३ सांगतो की मनाईपूर्वी विरुद्ध पक्षाला नोटीस द्यावी. विलंबामुळे मनाईचा हेतूच फसणार असेल तरच अपवाद. तळ्याचे पाणी घेण्यासाठीचा महाडचा सत्याग्रह २५ डिसेंबरला होता. म्हणजे हुकमानंतरही अकरा दिवस हाती होते. प्रतिवादी शोधणेही अवघड नव्हते. आंबेडकर मुंबईत वकिली करणारे बॅरिस्टर होते. महिनाभर आधी, १३ नोव्हेंबरला, अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावरील परिषदेचे ते अध्यक्ष होते. अकरा दिवसांत छोटी सुनावणी शक्य होती, असे माझे मत आहे. हे मत आहे, सिद्ध गोष्ट नाही. त्या काळचे टपाल आणि कोकणातला प्रवास लक्षात घेऊन वाचकाने ते तोलावे.

हुकूम पोहोचला होता, याबद्दल मात्र शंका नाही. त्याचा पुरावा सत्याग्रहासाठी महाडला भरलेल्या परिषदेच्याच कामकाजात आहे. धनंजय कीर यांच्या चरित्रानुसार आंबेडकर 'पद्मावती' बोटीने २५ डिसेंबरला दासगावला उतरले. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी ३,८८४ जणांनी नावे दिली. कलेक्टर हूड यांनी परिषदेत येऊन न्यायालयाचा मान राखण्याची विनंती केली, आणि अखेर सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला. हुकूम ठाऊक नसता तर या चर्चेला कारणच उरले नसते. मनाई कळली होती. तिच्या आधी बाजू मांडता आली नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूनच हे प्रकरण वाचावे लागते.

पुढचा पक्का टप्पा २३ फेब्रुवारी १९२८. त्या दिवशी हुकूम उठवला गेला. १४ डिसेंबरपासून मोजले तर एकाहत्तर दिवस. मनाई तात्पुरतीच होती, पण ठरलेल्या दिवशी तळ्याचे पाणी घेण्याचा हक्क तिच्यामुळे बजावता आला नाही.

ही उणीव पुढे कायद्यानेच ओळखली. संहितेच्या १९७६ च्या दुरुस्तीनुसार नोटिशीविना मनाई द्यायची तर न्यायालयाने कारणे लिहावीत. अर्जदाराने अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती विरुद्ध पक्षाला ताबडतोब पोहोचवाव्यात. आणि न्यायालयाने मनाईअर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. अकोल्यात जठारपेठेतल्या एखाद्या दारी आज बेलिफ असा कागद घेऊन आला, तर त्यावरची तारीख आणि सोबतच्या प्रती प्रथम तपासाव्यात. त्या मागण्याचा अधिकार घरमालकाला आहे, भाडेकऱ्यालाही आहे.

महाडच्या प्रकरणात दोन्ही बाजू ऐकल्यानंतरचे निकाल एकाच दिशेने गेले : १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला, १९३३ मध्ये ठाण्यात अपील, १९३७ मध्ये मुंबईत दुसरे अपील. अनादिकाळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. जी मनाई दोन दिवसांत मिळाली, तिच्यामागचा हक्क पुराव्याच्या कसोटीवर एकदाही टिकला नाही.