शाळेच्या खिचडीतला 'प्लास्टिकचा' तांदूळ येतो कुठून?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत खिचडीसाठी मुख्याध्यापक तांदूळ विकत घेत नाहीत. तो मुलांच्या हक्काचा असतो. पीएम पोषण, म्हणजे आपल्या जुन्या शालेय पोषण आहार योजनेत, पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम धान्य केंद्र सरकार मोफत देतं. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून ठेकेदार ते शाळेपर्यंत पोचवतो.

पैसे लागतात ते डाळ, तेल, मसाला, भाजी आणि इंधनाला. मे 2025पासून हा दर प्राथमिकला मुलामागे रोज 6 रुपये 78 पैसे, तर उच्च प्राथमिकला 10 रुपये 17 पैसे आहे. यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40. ग्रामीण भागात डाळ-तेलही सहसा ठेकेदाराकडूनच येतं. शाळेच्या हातात राहतं ते भाजी आणि गॅस-सरपणाचं. टोमॅटो महागला की झळ तिथेच बसते, कारण दर काही महिन्याला बदलत नाही.

आता तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'प्लास्टिकचा' तांदूळ. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 मिसळून यंत्रावर दाण्याच्या आकाराचे कण बनवतात. साध्या 100 किलो तांदळात असे साधारण 1 किलो कण मिसळतात. 2021नंतर हाच फोर्टिफाइड तांदूळ शाळांत येऊ लागला. त्याचे दाणे रंगाने किंचित वेगळे दिसतात, म्हणून शंका येते. त्यात प्लास्टिक नसतं. अशा पोत्यावर 'प्लस एफ'ची खूण असते, ती आधी बघा. मात्र तांदळाला कुबट वास आला किंवा अळ्या दिसल्या, तर ती तक्रार खरी. ती शाळा व्यवस्थापन समितीकडे किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी.