भिंतीवरचे पन्नास पिवळे

न्यू जर्सीत लेकाकडे किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहून आलेल्या आजी-आजोबांशी बोलत बसलं, की बोलण्यात कधीतरी नातवंडाच्या शाळेची बस येतेच. कोपऱ्यावर ती पिवळीधमक बस थांबते, तिच्या कपाळावरचे लाल दिवे उघडझाप करू लागतात, डाव्या अंगाची अष्टकोनी ‘स्टॉप’ची पाटी हातासारखी बाहेर येते आणि दोन्ही बाजूंच्या मोटारी जागच्या जागी थबकतात. सहा वर्षांचं पोर दप्तर सावरत, बुटाच्या नाडीकडे बघत निवांत रस्ता ओलांडतं. हॉर्न कोणी वाजवत नाही. लाल दिवे लावून उभ्या असलेल्या स्कूलबसला मागे टाकून पुढे जाणं हा अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गुन्हा आहे.

त्या देशात सुमारे पावणेपाच लाख पिवळ्या बसगाड्या धावतात, असा हिशोब दिला जातो. आयोवातल्या मक्याच्या शेताकाठचं पोर आणि ब्रुकलिनमधलं पोर यांच्या आठवणींत सारख्या गोष्टी फार थोड्या असतील. त्यांतली एक म्हणजे ही बस. त्यामुळे तो पिवळा रंग तिथल्या मातीतूनच उगवला असावा असं वाटतं. पण त्याची जन्मवेळ नीट नोंदलेली आहे: एप्रिल १९३९, न्यूयॉर्क, सात दिवसांची एक बैठक.

बस त्याहून जुनी. मुलांना शाळेत नेण्या-आणण्यासाठी सरकारी पैसा खर्चायची मुभा देणारा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सने १८६९ मध्ये केला, आणि १९१९ पर्यंत तेव्हाच्या सगळ्या ४८ राज्यांत तसे कायदे झाले. कारण साधं होतं. खेडोपाडी एका खोलीच्या शाळा होत्या. एक शिक्षिका, एक शेगडी आणि सहा ते सोळा वयाची सगळी मुलं एकत्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा शाळा दोन लाखांच्या आसपास होत्या. त्या मोडून पाच-दहा वस्त्यांची मिळून एक मोठी शाळा बांधायची, इयत्ता वेगळ्या करायच्या, प्रयोगशाळा द्यायची, असं ठरू लागलं. मग शाळा घरापासून लांब गेली आणि गाडी आली. इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावच्या वेन वर्क्स या कारखान्याने १८९२ पासून अशा घोडागाड्या बांधल्या. त्यांना लोक ‘किड हॅक’ म्हणत. हॅक म्हणजे भाड्याची गाडी, आपल्या टांग्यासारखी. आत दोन्ही बाजूंना लांब बाकं आणि चढायचं दार मागे, म्हणजे पोरांच्या धावपळीने घोडा बुजायला नको. आजच्या स्कूलबसला मागे जे संकटकाळी उघडायचं दार असतं, त्याचा धागा त्या घोड्यापर्यंत जातो.

घोड्याची जागा मोटारीने घेतली, तरी डबा लाकडाचाच राहिला, आणि कच्च्या रस्त्यांवर लाकूड खिळखिळं होई. जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅलीचे फोर्ड गाड्यांचे विक्रेते अल्बर्ट ल्यूस यांनी एका गिऱ्हाइकाला विकलेल्या बसचा लाकडी सांगाडा असाच सुटा झाला. तेव्हा त्यांनी १९२७ मध्ये पोलादी सांगाड्याची बस स्वतः बांधली. त्यातून उभी राहिलेली ब्लू बर्ड कंपनी आजही स्कूलबस बनवते. इथवर बसला ठरलेला रंग नव्हता.

आता या कथेतला मुख्य माणूस. फ्रँक सीर हे नेब्रास्काच्या गवताळ मुलखातले. तिथल्या शाळांचा कारभार त्यांनी पाहिला होता, आणि पुढे ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये ग्रामीण शिक्षणाचे प्राध्यापक झाले. १९३७ मध्ये त्यांनी दहा राज्यांत फिरून मुलं शाळेत कशी जातात याची पाहणी केली. एके ठिकाणी मुलं गहू वाहायच्या घोडागाडीतून शाळेत जात होती, तर दुसरीकडे चांगल्या बांधणीच्या बसमधून. बसला ना ठरलेली उंची, ना ठरलेली रुंदी. रंग ज्याच्या त्याच्या मर्जीचा. एका ठिकाणी तर मुलांच्या मनात देशप्रेम रुजावं म्हणून बस राष्ट्रध्वजासारखी लाल-पांढरी-निळी रंगवली होती. सीर यांना ते पटलं नाही. तुकड्या-तुकड्यांच्या रंगात गाडीचा आकार हरवतो आणि ती लांबून ओळखू येत नाही. शिवाय प्रत्येक ठिकाणची मागणी वेगळी असल्याने कारखान्यांना एका साच्यात बस बांधता येत नव्हती, आणि त्यामुळे ती महाग पडे. तेव्हा अमेरिकेत एक लाख १७ हजारांवर शाळा-जिल्हे होते आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

सीर यांनी रॉकफेलर निधीतून पाच हजार डॉलर मिळवले आणि ४८ राज्यांचे शिक्षण-अधिकारी, वाहतूक-अधिकारी, बस बांधणारे अभियंते, शिवाय ड्यूपाँट आणि पिट्सबर्ग पेंट या कंपन्यांचे रंगतज्ज्ञ यांना टीचर्स कॉलेजात एकत्र आणलं. सात दिवसांत त्यांनी ४४ मानकं लिहून काढली. डब्याची लांबी किती, छताची उंची किती, बाकांमधली वाट किती रुंद. ही कामं कंटाळवाणी दिसतात, पण त्यांतल्या एकेका ओळीमागे मान वाकवून उभी राहिलेली, वाटेत अडकून पडलेली मुलं आहेत, आणि तिथे जमलेल्यांनी त्यांचा विचार केला हे मला फार मोलाचं वाटतं.

मग रंग. सभागृहाच्या भिंतीवर पन्नास छटांच्या पट्ट्या टांगल्या होत्या. एका टोकाला लिंबाच्या सालीसारखा फिका पिवळा. तिथून हळद, झेंडू, पिकलेला हापूस असं करत करत दुसऱ्या टोकाला शेंदरी-लाल. पट्ट्यांपुढे उभं राहून निवड करायची होती. कसोटी होती शेतावरच्या सकाळची: झुंजुमुंजू झालेलं असताना, किंवा संध्याकाळी दिवेलागणीला, गाडी कितीशी दिसते? काळी अक्षरं त्यावर वाचता येतात का? झेंडू आणि हापूस यांच्या मधली एक छटा निवडली गेली. रंग हुबेहूब जुळवणं त्या काळी अवघड होतं, म्हणून थोडी फिकी आणि थोडी गडद छटाही चालेल, अशी सवलत ठेवली.

ही निवड किती अचूक होती, ते डोळ्याच्या रचनेवरून कळतं. रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशींपैकी दोन या पिवळ्याने जवळजवळ सारख्याच चेतवल्या जातात, म्हणून तो नजरेच्या कडेलाही जाणवतो. चालकाचं लक्ष समोर असलं, तरी बाजूच्या गल्लीतून निघालेली बस त्याला कळते. रंगाचं नाव पडलं ‘नॅशनल स्कूल बस क्रोम’. क्रोम म्हणजे त्यात वापरलेलं शिशाचं क्रोमेट. शिशाचं विष ध्यानात आल्यावर ते द्रव्य गेलं, नाव ‘ग्लॉसी यलो’ झालं, छटा मात्र तीच राहिली. आपल्याकडे शाळेच्या बस पिवळ्या असतात, तोही याच वंशवेलीचा एक फुटवा.

हा पिवळा मुलांसाठी राखीव राहावा म्हणून बऱ्याच राज्यांत असा नियम आहे, की शाळेतून निवृत्त झालेली बस दुसऱ्या कामाला लावायची तर तिचा रंग बदलायला हवा. अशा कितीतरी गाड्या ग्वाटेमालाला जातात. तिथे त्यांना लाल, हिरवा, जांभळा साज चढतो, टपावर कोंबड्यांच्या टोपल्या चढतात आणि डोंगरवाटांवर त्यांचा दुसरा संसार सुरू होतो. आतली उंच पाठीची, जाड गादीची बाकं मात्र बहुधा तीच असतात. गाडी आदळली तर मूल पुढच्या बाकाच्या मऊ पाठीवर आदळावं, अंडी ट्रेमध्ये जपावीत तसं, हा त्यामागचा विचार १९७७ पासून अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत आहे.

मात्र रंग ठरला, तरी बसमध्ये कोण बसणार हे ठरायचं होतं.

दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्यात समरटन नावाचं गाव आहे. गोऱ्या मुलांसाठी तिथे तीस बस होत्या. काळ्या मुलांसाठी एकही नव्हती, आणि त्यांच्यातली काही नऊ-नऊ मैल चालत शाळेत जात. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस विकत घेतली. ती सारखी बंद पडायची. तेव्हा लेव्हाय पिअर्सन या शेतकऱ्याने १९४७ मध्ये, पाद्री जोसेफ डीलेन यांच्या मदतीने, अर्ज केला. मागणी एका बसची होती. समता, एकत्र शाळा असलं काही त्यात नव्हतं. पुढे दावा दाखल झाला आणि तांत्रिक कारणावर, पिअर्सन कर कोणत्या शाळा-जिल्ह्यात भरतात या मुद्द्यावर, तो फेटाळला गेला.

पालक मागे हटले नाहीत. वकील थरगुड मार्शल यांच्या साथीने त्यांनी मागणी वाढवली: आधी सगळ्याच बाबतीत समान शाळा, मग वेगळेपणाच नको. नव्या दाव्यावर पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज यांचं होतं. ते पेट्रोलपंपावर काम करत. त्यांची नोकरी गेली, त्यांच्या पत्नीचीही गेली. डीलेन यांचं घर जळालं, पुढे त्यांचं चर्चही. ‘ब्रिग्ज विरुद्ध इलियट’ हा खटला इतर चार खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ मध्ये ‘ब्राऊन’ या नावाने निकाल लागला: वंशावरून शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे. त्या निकालाचं एक मूळ समरटनच्या त्या बंद पडणाऱ्या जुन्या बसमध्ये आहे, हे अमेरिकेतल्या प्रत्येक बसथांब्यावर कोरून ठेवावं असं मला वाटतं.

निकाल लागला, शाळा फारशा बदलल्या नाहीत. वस्त्याच वेगळ्या, म्हणून शाळाही वेगळ्याच राहिल्या. १९७१ मध्ये शार्लट शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, की मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत नेऊन ही दरी मिटवता येईल. ‘बसिंग’ हा शब्द घराघरांत भांडणाचा विषय झाला, आणि गाड्या होत्या त्याच, सीर यांनी मानकं लिहून दिलेल्या.

१९७४ हे वर्ष मी पुन्हा पुन्हा वाचते. १९३९ च्या बैठकीनंतर एकेक राज्य त्या पिवळ्या रंगावर येत गेलं होतं आणि सगळ्यांत शेवटी, त्या वर्षी, मिनेसोटा आलं. पस्तीस वर्षांनी देशभर रंग एक झाला. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला, न्यायाधीश गॅरिटी यांच्या आदेशानुसार, बॉस्टनच्या काळ्या वस्तीतली मुलं साउथ बॉस्टनच्या हायस्कुलात बसने गेली. लांबूनही चुकू नये म्हणून निवडलेला तो रंग जमावालाही लांबून दिसला. परतताना गाड्यांवर दगड आले, काचा फुटल्या, मुलं जखमी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या बस पुन्हा त्याच शाळेकडे निघाल्या.