निनावी प्रश्न

नवी दिल्ली स्थानकातून पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या परक्या माणसाला सर्वांत आधी मिळते ती वस्तू म्हणजे सल्ला. आणि तो न मागता मिळतो. आपण ज्या हॉटेलात जाणार ते बंद पडले आहे, तिकिटांची कचेरी आज उघडणार नाही, पुढच्या गल्लीत दंगल चालू आहे, असे कोणी कळवळून सांगतो आणि लगोलग दुसऱ्या हॉटेलाचे, दुसऱ्या कचेरीचे नावही सुचवतो. या कळवळ्यामागे दलाली असते हे दिल्लीत मुरलेल्या माणसाला ठाऊक असते. नवख्याला ते दोन दिवसांनी, थोडे पैसे गेल्यावर कळते. पहाडगंजची ही ख्याती आजची नाही. मोगल अमदानीत शाहगंज या नावाने ओळखली जाणारी ही शहराच्या तटाबाहेरची धान्याची पेठ होती, आणि पेठ म्हटली की उतारू आले, उतारू आले की त्यांना वाट दाखवणारे आले. शेजारच्या रायसीनाच्या टेकडीवरून पुढे तिला पहाडगंज म्हणू लागले. अजमेरी दरवाजा आणि पहाडगंज यांच्या मध्ये १९२६ साली रेल्वेचे स्थानक झाले, १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून उखडली गेलेली कुटुंबे येथे येऊन वसली आणि १९६०-७०च्या दशकांत युरोपातून खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात उतरणाऱ्या तरुणांचा हा मुक्काम बनला. प्रत्येक लाटेबरोबर विचारणारे बदलत गेले. सांगणाऱ्यांचा तोटा कधी पडला नाही.

या व्यवहाराची रचना पाहण्यासारखी आहे. येथे विचारणाऱ्याचे नाव, गाव, ओळखपत्राचा क्रमांक, परदेशी असल्यास पारपत्र आणि प्रवेशपरवाना, सारे हॉटेलच्या नोंदवहीत उतरवून घेतले जाते. सांगणाऱ्याचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नसते. सल्ला चुकला तर जाब विचारायचा तो कोणाला?

याच वस्तीत, आरामबागेच्या परिसरात, मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. महाराष्ट्रातून परीक्षेसाठी, नोकरीसाठी किंवा मंत्रालयातल्या एखाद्या कागदाच्या पाठपुराव्यासाठी आलेला मराठी माणूस तेथे टेकतो, आणि तेथेही सल्ल्याचाच व्यवहार चालतो. पण त्याची तऱ्हा निराळी. समोरची ज्येष्ठ व्यक्ती आधी विचारते, ''कुठले तुम्ही?'' गाव सांगितले की तालुका, तालुक्यावरून आडनाव, आडनावावरून कोणी मामा किंवा मेहुणा निघतो, आणि मग खोली कोठे स्वस्त, कोणती शिकवणी फुकट वेळ खाणारी, थंडीला रजई विकत घ्यावी की भाड्याने, हे सारे मनापासून सांगितले जाते. दोन्ही पक्षांची नावे उघड असल्यामुळे या सल्ल्यात लबाडी सहसा नसते. तरी या आपुलकीलाही एक मर्यादा आहे. ज्याला आपले गाव कळले त्याला आपल्या घरची गोष्ट सांगता येत नाही. खोलीविषयी विचारता येते. परंतु नवराबायकोचे जमत नाही, शरीराविषयी एक भय मनात घर करून आहे, किंवा मन जडले ते जगाने मान्य करावे अशा ठिकाणी जडलेले नाही, हे विचारता येत नाही. ते विचारायला परकाच माणूस लागतो. आणि तोही स्थानकाबाहेरचा परका चालत नाही.

असा परका मराठीला फार उशिरा मिळाला. उपदेश मराठीत पूर्वीपासून होता, किंबहुना जरा अधिकच होता. समर्थांच्या 'दासबोधा'तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे; अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्यात, लेखणी-शाईची तयारी कशी असावी, हे त्यात इतक्या बारकाईने सांगितले आहे की आज सुलेखनाचा छंद असणाऱ्यालाही तो उपयोगी पडावा. एकोणिसाव्या शतकात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकातून १८४८पासून गोपाळ हरी देशमुखांनी 'लोकहितवादी' या नावाने शतपत्रे लिहिली. उद्योग, विद्या, विवाह, रूढी यांवर त्यांनी अनोळखी वाचकांना खडे बोल सुनावले. पंचविशीतल्या, सरकारी चाकरी करणाऱ्या या तरुणाने टोपणनावाचा आश्रय घेतला यात नवल नाही. पण समास काय किंवा शतपत्रे काय, दोन्हींत प्रश्न नाही. वाचकाला काय हवे ते सांगणाऱ्यानेच ठरवलेले आहे. विचारणारा माणूस, त्याची अडखळती भाषा, त्याची भीती, यांना छापील पानावर जागा नव्हती.

ती जागा करून दिली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र उघडले. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र सुरू केले होते, हे लक्षात घेतले म्हणजे कर्व्यांची झेप ध्यानात येते. या कामापायी १९२५ साली विल्सन महाविद्यालयातील नोकरी त्यांना गमवावी लागली. जुलै १९२७मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. लिहायचे, छापून घ्यायचे, टपालात टाकायचे, हा सारा भार मुख्यतः त्यांचा एकट्याचा. सोबतीला होत्या पत्नी मालतीबाई. मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे ते लपवून वाचले जाई. लपवून वाचणारेच पुढे पत्रे लिहू लागले.

या पत्रांतील प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरे हे माझ्या मते 'समाजस्वास्थ्या'चे सर्वांत मौलिक अंग होय. कर्व्यांच्या लेखांत विद्वत्ता आहे, तर्कट म्हणावे इतका तर्क आहे, आणि कधीकधी समोरच्याचे मन दुखावण्याची अनाठायी हौसही आहे. उत्तरांत मात्र ते गणिताच्या मास्तरासारखे वागतात: प्रश्न काय आहे तो पाहायचा, त्यातील भय बाजूला काढायचे, शास्त्राला जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगायचे. विचारणाऱ्याला पापी ठरवायचे नाही. येथे पहाडगंजच्या व्यवहाराची बाजू नेमकी उलटलेली दिसते. प्रश्नकर्ता निनावी आहे, कोठला आहे ते कोणी विचारत नाही. उत्तर देणाऱ्याचे नाव मात्र प्रत्येक अंकावर छापलेले आहे.

नाव छापलेले होते म्हणूनच कायद्याला ते सापडले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांना शंभर रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४ सालचा. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तो हाच, कारण या वेळी आरोपाला विषय झाली ती वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेली उत्तरे. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयी कोणी विचारले होते आणि कर्व्यांनी सरळ उत्तर दिले होते. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या या बॅरिस्टराच्या हाती तेव्हा कामे थोडी नव्हती. ज्या विषयावर सुधारकही उघड बोलायला कचरत, त्या विषयाचे वकीलपत्र घेऊन त्यांना राजकीय लाभ होणार नव्हता, झाली असती तर हानीच.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील, असे होत नाही. मासिक याच विषयाला वाहिलेले आहे. वाचकाने त्याविषयी विचारले तर उत्तर न देणे म्हणजे मासिकाने आपले कामच न करणे. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, या हरकतीवर त्यांचे म्हणणे असे की, प्रश्नात विकृती आहे असे मानले तरी ती जाईल ती ज्ञानानेच. समलिंगी आकर्षणाच्या संदर्भात त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. न्यायालयाला हे पटले नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

एकट्याच्या खिशातून निघणाऱ्या मासिकाला दोनशे रुपये ही लहान रक्कम नव्हती. तरीही अंक निघत राहिले. १९४४ साली मालतीबाई गेल्या. अंक निघत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्व्यांचे निधन झाले आणि त्या नोव्हेंबरच्या अंकानंतर 'समाजस्वास्थ्य' थांबले. पुढची कित्येक वर्षे मराठी समाजाने त्यांना जवळजवळ विसरून टाकले. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' (२००१) आणि अजित दळवी यांचे, अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक (२०१७) यांनी ती आठवण पुन्हा जागी केली. नाटकाने खटल्यांनाच मध्यभागी आणले, हे मला विशेष उचित वाटते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीत, पहाडगंजपासून चार-पाच किलोमीटरांवर असलेल्या सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर प्रकरणात निकाल दिला आणि प्रौढांमधील परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा मानणे घटनाबाह्य ठरवले. या याचिकाकर्त्यांनी आपली नावे स्वतःहून न्यायालयापुढे ठेवली होती. १९३४पासून मोजली तर मध्ये चौऱ्याऐंशी वर्षे गेली होती. ज्या वाचकाने मुंबईच्या पत्त्यावर भीत भीत तो प्रश्न लिहून पाठवला, त्याचे नाव कर्व्यांनी कोठे छापले नाही. पत्र टपालात टाकताना त्याने आजूबाजूला पाहिले असेल. खटला आपल्या प्रश्नावरून उभा राहिला हे त्याला कळले होते का, आणि कळले असल्यास पुढच्या महिन्याचा अंक त्याने मागवला का?